बोटीच्या इंजिनपेटीला अस्तर कोणते लावावे?

गेल्या दिवाळीनंतर मालवणहून दाजींनी एक फोटो पाठवला. बोटीच्या तळाशी साचलेले तेलकट पाणी आणि त्यावर तरंगणारा काळपट चुरा, जणू कुणी पाव कुस्करून टाकला असावा. खाली एकच ओळ होती : "पैशे गेले, पण आवाज काय कमी होऊक नाय." दोन वर्षांपूर्वी इंजिनाच्या पेटीला आतून चिकटवलेला फोम तो हाच. गाण्याच्या स्टुडिओत भिंतींना लावतात तसला, उंचसखल खळग्यांचा, दिसायला देखणा फोम त्यांनी बऱ्यापैकी पैसे मोजून मागवला होता, आणि दोन पावसाळ्यांत त्याचा असा भुगा होऊन तो पाणी उपसायच्या पंपात अडकू लागला होता.

दाजींची बोट फायबरची, बत्तीस फुटी आहे. पावसाळा संपला की ते पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूने फिरवून आणतात, सकाळी लवकर निघाले तर डॉल्फिनही दाखवतात. बोटीच्या मध्यावर दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे आणि त्यावर बारा मिलिमीटर प्लायवूडची पेटी, जिच्यावर गादी टाकून दोन माणसे बसतात. त्या दोघांना काहीही ऐकू येत नाही. तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, वायरलेसवरचे बोलणे कळत नाही, दाजींना कुरटे बेटाची आणि किल्ल्याची माहिती ओरडून सांगावी लागते, आणि संध्याकाळी ते घरी आले की टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतात की ताई वैतागून शेजारी जाऊन बसते.

मी कोल्हापूरचा, समुद्र आमच्यापासून घाट उतरून चार तासांवर. बोटीविषयी लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नऊ वर्षे मी जनरेटरवर बसवायच्या आवाजरोधक पेट्या बनवत होतो. २००५ पासून एक हजार केव्हीए क्षमतेपर्यंतच्या नव्या डिझेल जनरेटरचा आवाज पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असावा असा नियम आहे, आणि त्या एका आकड्यामुळे आमच्यासारख्या कित्येकांच्या घरी चूल पेटत होती. शिवाय शिवाजी उद्यमनगरात ज्याचे बालपण गेले त्याला इंजिनाचा आवाज म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. नदीकाठच्या उसाला पाणी पाजणारी ऑईल इंजिने याच गल्ल्यांत ओतली, घासली आणि चालवून पाहिली जात.

असे असूनही पहिल्या फोनवर मी दाजींना चुकीचा सल्ला दिला. जनरेटरच्या पेटीत लावतो तसे रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, भरा आणि त्यावर भोकांचा पत्रा ठोका, असे मी बेधडक सांगून टाकले. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यातला वेडेपणा लक्षात आला. जनरेटर सिमेंटच्या ओट्यावर बसलेला असतो. बोटीच्या तळाशी खारे पाणी हिंदकळत असते, त्यावर डिझेलचा तवंग असतो आणि हवेतही मीठ असते. रॉकवूलमध्ये पाणी शिरले की ते जड होऊन खाली बसते आणि वरचा भाग रिकामा राहतो, त्याचे तंतू सुटून इंजिनाच्या हवेच्या वाटेने आत जाऊ शकतात, आणि जस्ताचा मुलामा दिलेला तो भोकांचा पत्रा खाऱ्या हवेत फार काळ टिकणारा नाही. सकाळी उठून पहिला फोन करून मी सल्ला मागे घेतला. दाजी मोठ्या मनाचे आहेत, ते एवढेच म्हणाले की, "तू एकदा येऊन बघ, मग काय तो निर्णय घेऊ."

डिसेंबरात राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो. सोबत आवाज मोजायचे यंत्र घेतले होते. बोट नेहमीच्या वेगाने, म्हणजे मिनिटाला १८०० फेऱ्यांवर चालवायला सांगितली आणि पेटीलगतच्या बाकावर, माणसाच्या कानाच्या उंचीवर यंत्र धरले. आकडा आला ८८ डेसिबल. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० ही मर्यादा धरतात, म्हणजे पर्यटक म्हणून एका तासाच्या फेरीला आलेल्या माणसाला आपण जवळजवळ फाउंड्रीत बसवतो आहोत. मग पेटीचे झाकण काढून पुन्हा मोजले, तर ९६. याचा अर्थ असा की ही सगळी पेटी, तिचे प्लायवूड, तिच्यातला उरलासुरला फोम आणि वरची गादी मिळून फक्त आठ डेसिबलची कमाई करत होती. त्याहून बोलका आकडा तिसरा होता. हेच यंत्र 'सी' मापावर फिरवले की ते खर्जातला आवाज जवळजवळ जसाच्या तसा मोजते, तर नेहमीचे 'ए' माप आपल्या कानाच्या स्वभावानुसार खर्जाला कात्री लावते. १०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या सुराला, सुमारे १९ डेसिबल आणि ३१.५ हर्ट्झला तर ३९ डेसिबल वजा करते. बंद पेटीजवळ 'सी' माप १०१ दाखवत होते. दोन मापांत तेरा डेसिबलचा फरक म्हणजे या बोटीतला बराचसा आवाज कानापेक्षा छातीला आणि बाकाला जाणवणारा होता.

तो खर्ज कुठून येतो याचा हिशेब कागदावर करता येतो. चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. दोन सिलिंडर असतील तर सरासरी फेरीला एक स्फोट, आणि मिनिटाला १८०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ३० स्फोट. म्हणून या इंजिनाचा मूळ सूर ३० हर्ट्झ. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा ३० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी साडेअकरा मीटरच्या आसपास भरते. दाजींची बोट पावणेदहा मीटरची आहे. बोटीपेक्षा लांब लहर एक इंच जाडीच्या फोममध्ये अडकेल अशी आशा धरून त्यांनी पैसे घातले होते, आणि विकणाऱ्याने तसे होणार नाही हे सांगितले नव्हते.

फोम हा आवाज अडवत नाही, तो आवाज शोषतो, आणि या दोन क्रियांत तेवढाच फरक आहे जेवढा धरणाच्या भिंतीत आणि टिपकागदात. उघड्या छिद्रांच्या फोममध्ये शिरलेली हवा त्या बारीक वाटांमधून पुढेमागे घासते आणि आवाजाच्या ऊर्जेचे थोड्या उष्णतेत रूपांतर होते. पण हे घासणे तिथेच जोरात होते जिथे हवेची हालचाल मोठी असते, आणि टणक भिंतीला लागून ती जवळजवळ शून्य, तर लहरीच्या पाव लांबीवर सर्वांत जास्त असते. दोन हजार हर्ट्झसाठी पाव लांबी सव्वाचार सेंटिमीटर होते, म्हणून एक-दोन इंच फोम तिथे उत्तम काम करतो आणि इंजिनाची खडखड, टॅपेटची टकटक, पट्ट्याची शीळ हे सगळे गिळून टाकतो. ३० हर्ट्झसाठी तीच पाव लांबी पावणेतीन मीटरच्या पुढे जाते. एवढा जाड फोम लावायचा तर बोटीत फोमच बसेल, माणसे किनाऱ्यावर राहतील. शिवाय शोषणारे अस्तर आवाजाला पलीकडे जाण्यापासून रोखत नाही. फोमच्या चौकोनी तुकड्यातून तोंडाने फुंकर मारून पाहावी. फुंकर पलीकडे गेली तर आवाजही जाणार.

मग अडवायचे कशाने? वजनाने. दुसरा स्वस्त उपाय अजून तरी कुणाला सापडलेला नाही. पडद्याचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले की तो साधारण सहा डेसिबल जास्त आवाज अडवतो, असा ढोबळ नियम आहे. बारा मिलिमीटरचे मरीन प्लाय चौरस मीटरला आठ किलोच्या आसपास भरते. त्यावर पाच किलोचा, जड भुकटी मिसळलेला व्हायनिलचा पत्रा लावला की वजन तेरा किलो होते आणि नुसत्या वजनाच्या हिशेबाने चारच डेसिबल मिळतात. दहा किलोचा लावला तर सात. दाजींच्या पेटीचे चारही बाजू आणि झाकण धरून क्षेत्रफळ सहा चौरस मीटर आहे, म्हणजे दहा किलोच्या पत्र्याने साठ किलो वाढणार, आणि तेही बोटीच्या मध्यावर, तळाच्या बरेच वर. एक प्रवासी कमी घ्यावा लागेल हे ऐकल्यावर दाजींनी पाच किलोच्या पत्र्यावर बोट ठेवले. पूर्वी या कामाला शिसे वापरत. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला अकरा किलोंच्या वर भरतो आणि जागा फारच कमी घेतो. पण शिसे विषारी, ते हाताळायचे कोणी आणि जुने झाले की टाकायचे कुठे, हा प्रश्न सुटत नाही, म्हणून मी त्याच्या वाटेला गेलो नाही.

बाजारात बोटींसाठी जे तयार थर मिळतात त्यांत सहसा फोम, मग जड पत्रा, मग पुन्हा फोम आणि सर्वांत वर चकाकणारा पातळ पापुद्रा असतो. यातला पहिला, पेटीला चिकटणारा फोम शोषण्यासाठी नसतो, तो जड पत्र्याला प्लायवूडपासून मोकळे ठेवतो. दोन वजनदार पडदे मधल्या मऊ थराने वेगळे झाले की ते एकाच जाड पडद्यापेक्षा जास्त आवाज अडवतात. मात्र ही बढती एका विशिष्ट सुराच्या वरच मिळते. आठ आणि पाच किलोचे पडदे, मध्ये एक इंच, असा हिशेब केला तर तो सूर दोनशे हर्ट्झच्या आसपास येतो. त्याच्या खाली ही मांडणी विशेष काही करत नाही, आणि नेमक्या त्या सुराला तर दोन्ही पडदे एकत्र झुलून आवाजाला वाटच करून देतात. तेव्हा असे अस्तर घेणाऱ्याने खडखड जाईल हे खात्रीने मानावे आणि धडधड जाईल असे समजू नये. मला आलेल्या एका दरपत्रकात "नव्वद टक्के आवाज कमी" असे ठळक अक्षरांत लिहिले होते. ते खोटे नाही, आणि तरीही फसवे आहे. नव्वद टक्के ऊर्जा कमी होणे म्हणजे दहा डेसिबल कमी होणे, आणि तेवढ्याने आपल्या कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो.

आता ज्या गोष्टीकडे दाजींचे, त्यांच्या मिस्त्रीचे आणि फोम विकणाऱ्याचेही लक्ष गेले नव्हते त्या गोष्टीकडे येतो, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. पेटीला भोके होती. झाकणाच्या चारही कडांना अर्ध्या सेंटिमीटरची फट. पाच मीटर परिघाला धरली तर अडीचशे चौरस सेंटिमीटर. गिअरच्या दांड्यासाठी वीतभर लांब आणि चार बोटे रुंद खाच, तिचे दोनशे. केबल, पाइप, डिझेलची नळी यांच्या वाटा मिळून दीडशे. एकूण सहाशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे सहा चौरस मीटरच्या बरोबर एक टक्का. एक टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण आवाजाच्या व्यवहारात एक टक्का उघडी जागा ठेवली की भिंत कितीही भारी असो, वीस डेसिबलच्या पुढे ती काही अडवू शकत नाही. शिशाची भिंत बांधा नाहीतर दगडाची. आणि प्रत्यक्षात वीसही पदरात पडत नाहीत, कारण टणक भिंतींच्या बंद पेटीत आवाज आपटून आपटून वाढत जातो आणि तो वाढलेला आवाज फटीतून बाहेर येतो. इथे कुठे फोमला खरे काम मिळते : पेटीतली ही वाढ तो शोषून खाली आणतो. म्हणजे अडवणारा, शोषणारा आणि फटी बुजवणारा असे तिघे मिळून एक काम होते, आणि तिघांपैकी फटी बुजवणारा सर्वांत स्वस्त असूनही त्यालाच कुणी विचारत नाही.

फटी बुजवायच्या म्हटले तरी पेटी डब्यासारखी बंद करता येत नाही. इंजिन श्वास घेते. दाजींचे इंजिन पावणेदोन लिटरच्या आसपासचे आहे. मिनिटाला १८०० फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर नऊशे वेळा भरतो, म्हणजे मिनिटाला दीड हजार लिटरच्या घरात हवा नुसती जळण्यासाठी लागते आणि पेटीतली उष्णता बाहेर नेण्यासाठी लागणारी वेगळी. ती रोखली तर इंजिन काळा धूर ओकते आणि दम टाकते. येथे मात्र माझी नऊ वर्षांची मजुरी उपयोगी पडली. जनरेटरच्या पेटीत आपण हवेला सरळ वाट देत नाही, दोनदा वळवून देतो आणि त्या वळणांना आतून शोषणारे अस्तर लावतो. हवा वळणे घेऊन बिनबोभाट जाते, आवाज मात्र प्रत्येक वळणावर भिंतीला धडकून थोडा थोडा संपतो. तशीच प्लायवूडची एक वळणदार वाट पेटीच्या मागच्या बाजूला, तोंड प्रवाशांच्या उलट दिशेला करून बांधली. पेट्रोलच्या इंजिनाच्या पेटीला मात्र हा शहाणपणा परस्पर लावू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि तिथे वारा खेळता ठेवण्याची वेगळी व्यवस्था आवाजापेक्षा कितीतरी महत्त्वाची असते. मोटर बाहेर लटकवलेल्या बोटींचा तर हा प्रश्नच नाही. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीकडे गेलेल्या बोटींचा आवाज ज्यांनी ऐकला असेल त्यांना आठवेल की तिथे इंजिनाला स्वतःच्या टोपीखेरीज काही पांघरता येत नाही. अर्थात त्या दिवसांत तो आवाज जितका मोठा तितका लोकांना हवासा वाटत होता.

फोमचा चुरा का झाला, याचा शोध मी कोल्हापुरात परतल्यावर घरच्या गच्चीवर घेतला. तीन नमुने मिळवले : दाजींच्या फोमसारखाच उघडा पॉलियुरेथेन, त्याच जातीचा पण वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेला, आणि तिसरा मेलामाइनचा पांढरा, अगदी हलका. बादलीत मीठ घातलेले पाणी, त्यावर थोडे डिझेल, आणि तिन्ही नमुने उभे करून एक महिना ठेवले. बायकोने त्या बादलीविषयी जे मत व्यक्त केले ते इथे लिहिण्यासारखे नाही. उघडा तुकडा दुसऱ्याच दिवशी वरपर्यंत भिजला आणि महिन्याने पिळला तेव्हा बोटांना तेल लागले. पापुद्र्याचा तुकडा समोरून कोरडा होता, पण ज्या कडा मी सुरीने कापून तशाच सोडल्या होत्या तिथून तेल आत चढले होते. दिव्याच्या वातीत चढते तसेच. मेलामाइननेही पाणी पिण्यात कसूर केली नाही. थोडक्यात, कडा बंद नसतील तर वरचा पापुद्रा शोभेचा. पॉलियुरेथेनच्या काही जाती ओलावा आणि उष्णता यांच्या जोडीने रासायनिकरीत्याच तुटत जातात, आणि दाजींच्या पेटीत दोन्हींचा सुकाळ होता.

डिझेल प्यालेला फोम इंजिनाच्या डोक्यावर असणे म्हणजे काय, हे कळायला गच्चीवरच दुसरा प्रयोग केला. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, चिमट्यात धरून, प्रत्येक कोरड्या नमुन्याला काडी लावली. उघडा पॉलियुरेथेन भडकला, वितळला आणि जळते थेंब खाली टाकू लागला. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असू शकते, म्हणून हा प्रयोग घरात कुणी करू नये. मेलामाइन काडी लावलेल्या जागी काळे पडले आणि काडी काढताच विझले. लहान बोटींच्या आगीपासून संरक्षणाचे आयएसओ ९०९४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात इंजिनाच्या जागेतील अस्तरासाठी ऑक्सिजन निर्देशांक, म्हणजे पदार्थ जळत राहायला हवेत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो तो आकडा, किमान २१ मागितला आहे, आणि तोही साठ अंश तापमानाला तपासलेला. हवेत ऑक्सिजन जवळजवळ २१ टक्के असतो हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ उलगडतो : गरम वातावरणातही साध्या हवेत हा पदार्थ आपणहून जळत राहू नये. दुकानदाराला मी हाच एक प्रश्न विचारू लागलो, आणि लक्ष्मीपुरीपासून उद्यमनगरापर्यंत ज्यांनी त्यावर "साहेब, एक नंबर माल आहे" असे उत्तर दिले त्यांचा माल घेतला नाही.

याच फेरीत एका ठिकाणी एसीच्या नळ्यांवर चढवतात तो काळा नायट्रिल रबराचा पत्रा मला मोठ्या आग्रहाने दाखवण्यात आला. तो पाणी पीत नाही हे खरे, पण त्याची छिद्रे बंद असतात, हवा आत शिरतच नाही, त्यामुळे तो उष्णता रोखतो आणि आवाज फारसा शोषत नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्यांविषयी तर बोलूच नये. मोटारीच्या दारांना आतून चिकटवतात ते डांबरी पत्रेही सुचवले गेले. त्यांचे काम तिसरेच आहे. परात वाजवून तिला हात लावला की नाद थांबतो, तसा हा पत्रा पातळ, थरथरणाऱ्या पत्र्याचा नाद मारतो. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बोटीत त्याला अर्थ आहे, बारा मिलिमीटरच्या प्लायला फारसा नाही.

शेवटी घेतले ते असे : पेटीला लागून अर्धा इंच फोम, त्यावर पाच किलोचा व्हायनिल, त्यावर दीड इंच मेलामाइन आणि वर पातळ ॲल्युमिनियमचा पापुद्रा. कापलेली प्रत्येक कड ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद केली, आणि नुसत्या गोंदावर विश्वास न ठेवता प्रत्येक तुकडा स्टेनलेसच्या स्क्रूने आणि रुंद वॉशरने धरला. गोंद उष्णतेने सुटतो आणि सुटलेले अस्तर पट्ट्यावर किंवा तापलेल्या एक्झॉस्टवर पडते. तळापासून चार इंच जागा मोकळी सोडली, एक्झॉस्टजवळ अस्तर लावलेच नाही. झाकणाला मोटारीच्या दाराचे पोकळ रबर बसवले आणि चार कोपऱ्यांना ओढून धरणाऱ्या कड्या लावल्या, कारण रबर दाबले गेले नाही तर ते असून नसून सारखेच. गिअरच्या खाचेला चामड्याची पिशवी शिवून घेतली. ती मात्र चप्पल ओळीतल्या एका कारागिराने, बोट, गिअर वगैरे काही न विचारता, मापावरून तासाभरात करून दिली.

राहता राहिला तो खर्ज. तो हवेतून नव्हे, इंजिनाच्या पायांतून बोटीत उतरत होता. आमच्या जुन्या मिस्त्रींची रीत अशी की लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक यंत्रावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवायची. तशी मूठ मी इंजिनाच्या रबरी पायांच्या वर आणि मग खाली, लाकडी तुळईवर टेकवून ऐकली. दोन्हीकडे तेवढीच धडधड. म्हणजे रबर होते, पण कामावर नव्हते. तेल पिऊन पिऊन ते टायरसारखे कडक झाले होते. रबराचे पाय किती मऊ हवेत याचा अंदाज इंजिनाच्या वजनाखाली ते किती दबतात यावरून येतो : चार मिलिमीटर दबले तर इंजिन त्यावर सेकंदाला सुमारे आठ वेळा झुलू पाहते, एकच मिलिमीटर दबले तर सोळा वेळा. इंजिनाचे धक्के या झुलण्याच्या दीडपट किंवा त्याहून जलद असतील तरच रबर ते अडवू लागते. जवळपास असतील तर उलट वाढवते. दाजींचे इंजिन रिकामे चालताना सेकंदाला साडेबारा धक्के देते, आणि त्यांचे जुने पाय जेमतेम मिलिमीटरभर दबत होते. धक्क्यावर उभी असताना बोट का थरथरते आणि वेग घेतल्यावर थोडी शांत का होते, याचे कोडे तिथे सुटले. नवे, मऊ पाय बसवले आणि त्यांच्या बरोबर पंखा फिरवणाऱ्या शाफ्टला लवचीक कपलिंगही, म्हणजे जोड, घ्यावे लागले, कारण इंजिन झुलणार असेल तर शाफ्टला त्याची सवय करून द्यावी लागते. ते काम झाल्यावर शाफ्टची सरळ रेषा फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, तपासली, ती मात्र बोट पाण्यात उतरवून एक रात्र गेल्यावर. जमिनीवर टेकवलेल्या बोटीचा आकार पाण्यात थोडा बदलतो.

एक्झॉस्टमध्ये समुद्राचे पाणी सोडून थंड करण्याची सोय त्या बोटीला आधीपासून होती, त्यामुळे तिकडे हात लावावा लागला नाही.

मार्चमध्ये पुन्हा त्याच बाकावर, त्याच उंचीवर, त्याच वेगाला मोजले. ८८ चे ७८ झाले होते, १०१ चे ९६. रबराचे पाय, कपलिंग आणि फटींचा बंदोबस्त यांवर एकूण खर्चाच्या निम्म्याहून थोडा जास्त खर्च झाला, उरलेला अस्तरावर. तांडेलाला वायरलेस ऐकू येतो. मागच्या दोन बाकांवर मात्र नेमक्या १८०० फेऱ्यांना एक घुमारा अजून उठतो. फेऱ्या १६५० वर आणल्या की तो विरतो, तेव्हा तळावरची एखादी फळी त्या सुराला साथ देत असणार असा माझा संशय आहे. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढली की त्या बाजूच्या फळ्या काढून त्यांना खालून एक आडवी पट्टी देऊन पाहायची, आणि हंगामभर दबलेले झाकणाचे रबर त्याच वेळी बदलायचे, असे ठरले आहे. तोवर दाजी १६५० वर बोट चालवतात, आणि फेरीला पाच मिनिटे जास्त लागतात याबद्दल अजून तरी कुणा प्रवाशाने तक्रार केलेली नाही.